तेहतीसवर लावलेलं दुःख

आमच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती, असं म्हणणं खोटं होईल. जागा होती, घरच नव्हतं. चार कुडाच्या भिंती, वर पाचट आणि टिनाचे दोन तुकडे, आत चूल आणि दोन गोधड्या. बहात्तरच्या दुष्काळात ते घरही दिवसभर ओस पडायचं, कारण माय, बा आणि मी तिघंही मंठ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचो. मी नुकताच मॅट्रिक पास झालो होतो. बानं मोठ्या आशेनं मुकादमाला सांगितलं, "साहेब, पोरगं मॅट्रिक हाय. हजेरी लिहायला बसवता का?" मुकादमानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मॅट्रिक झालास? मंग घन जरा अकलेनं मार." सगळे हसले. बाही हसला. तो हसला नसता तर दुसऱ्या दिवशी आमची हजेरी लागली नसती.

त्या वर्षी आम्ही परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. तिची भाकरी थापताना मायच्या हातात फुटायची आणि खाताना घशात अडायची. विलायतेकडून माझ्या आयुष्यात आलेली ती पहिली वस्तू. दुसरी वस्तू चार वर्षांनी आली, ती एक रेकॉर्ड. तीही घशात अडली, पण निराळ्या कारणानं.

एप्रिल लागला की मला ती रेकॉर्ड आठवते. लिंबाचा मोहर गळून ओट्यावर पिवळट कोंडा साचतो, दुपारी रस्ता पांढरा पडतो, झेरॉक्सच्या दुकानासमोर पोरं उभ्या उभ्या गाइडं चाळतात. आता मी नवीन जालन्यात तीन खोल्यांच्या घरात राहतो. नात दीक्षा इंजिनिअरिंगचा अभ्यास करते आणि कानात बोंडं घालून करते. परवा तिला सहज म्हणालो, "वेल्सकडचा एक तिघांचा बँड होता. ब्लूज वाजवायचे. त्यांचा गिटारवाला पुढं एकटाच गायला लागला." मी नाव सांगितलं, तिनं टाइप केलं आणि पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात तिघंही आमच्या बैठकीत वाजायला लागले. बँडचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांनी ते त्या काळी मिरवलं, त्यांनाच ते लखलाभ असो.

"आबा, तुम्हाला हे कसं माहीत?" दीक्षा म्हणाली.

कसं माहीत! ती माहिती मी फार महाग घेतलेली आहे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी जालन्याला मामाकडं होतो. मामा रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल. स्टेशनामागच्या वस्तीत त्याची एक खोली. त्याच खोलीत जयंतीच्या गायन पार्टीची तालीम चालायची, आणि मामा त्या पार्टीचा ढोलकीवाला. एप्रिल म्हणजे पार्टीचा हंगाम आणि एप्रिलच माझ्या परीक्षेचा. एका खोलीत दोन हंगाम मावत नव्हते. शिवाय माझ्याकडं पुस्तकं नव्हती. सगळी पुस्तकं होती माझ्या वर्गातल्या किशोरकडं.

किशोर आडत दुकानदाराचा मुलगा. खाली सरकीच्या गोण्या, वर त्याची माडी. माडीवर पंखा, टेबल, काचेचं कपाट आणि कपाटात इंग्रजीची सगळी पुस्तकं, पानंसुद्धा न उलगडलेली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. म्हणजे कसं, तर कॉलेजातल्या डिक्शनरीतून रोज एक पान पाठ करून मी ते ओढून आणलेलं होतं. सौदा सरळ झाला. दुपारी मी माडीवर जायचं, पुस्तक मोठ्यानं वाचायचं, किशोरला मराठीत समजावून सांगायचं. तो पलंगावर पडून ऐकायचा. माझं वाचन व्हायचं, त्याची झोप व्हायची.

"फक्त मागच्या जिन्यानं येत जा यार," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "पुढं आजी बसलेली असते."

मी मागच्या जिन्यानं गेलो. सरकीच्या आंबट वासातून, गोण्यांना अंग घासत. पुस्तकं वर होती म्हणून गेलो. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण लपवतही नाही.

त्या माडीवर एक रेकॉर्ड प्लेअर होता, किशोरच्या वडिलांचा, म्हणजे शेठजींचा. त्यावर ते सकाळी भजनाची मोठी तबकडी लावायचे. वेग बदलायचं जे बटण असतं, ते शेठजींनी तेहतीसच्या आकड्यावर आणून त्यावर डॉक्टरी चिकटपट्टी लावून टाकली होती. एकदा कुणी पोरानं बटण फिरवलं होतं आणि भजनीबुवा पोपटासारखे बोलले होते म्हणे. तेव्हापासून घरात नियम झाला होता: पट्टीला हात लावायचा नाही. देवघराइतका कडक नियम.

मार्च महिन्यात किशोरच्या इंग्लंडातल्या चुलतभावानं एक लहान रेकॉर्ड पाठवली. सोबत एका इंग्रजी मासिकाचं कात्रण. रेकॉर्ड त्या वेल्सच्या गिटारवाल्याची, बँड मोडल्यानंतर त्यानं एकट्यानं केलेली. किशोरनं ती तशीच तेहतीसवर ठेवली. पट्टी कोण काढणार?

आणि मग जे वाजलं! विहिरीत पडलेला दारुडा मदतीला हाक मारतोय असा आवाज. ढोल म्हणजे पोत्यावर पोतं टाकल्यासारखा. गिटार अशी ओढत चाललेली, जशी चिखलातून चप्पल.

"वा," किशोर म्हणाला. "काय पेन आहे, काय दर्द आहे!"

गावात बातमी झाली, माणसं ऐकायला यायला लागली. विलायतेची रेकॉर्ड, ती पण ब्लूज, म्हणजे काळ्या मजुरांच्या दुःखाची गाणी. आमचे एक प्राध्यापक होते, नाव नको, मी त्यांना नुसतं सरच म्हणतो. सरांचा कुर्ता खादीचा आणि मत नेहमी उधारीचं. ते माडीवर आले, पुढच्या जिन्यानं, डोळे मिटून रेकॉर्ड ऐकली आणि डोळे न उघडताच बोलले, "वेल्स म्हणजे कोळशाच्या खाणींचा प्रदेश. हा त्या कामगारांचा हुंदका आहे. ही लय पाहा. पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाची लय आहे ही."

मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला. ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाची लय मला शिकवत होते. माझा मामा त्याच वेळी मालधक्क्यावर क्विंटलाची पोती पाठीवर घेऊन पळत होता. हो, पळत. ओझं अंगावर असलं की माणूस हळू चालतच नाही, जल्दी चालतो, कारण ते लवकर खाली ठेवायचं असतं. खडी फोडतानाही आम्ही हळू नव्हतो. माय जात्यावर गायची तीही भराभर. हळू हळू दुःख करायला पोट भरलेलं लागतं आणि वर पंखा लागतो.

पण हे मी बोललो नाही. माझ्या हातात किशोरच्या कपाटातलं पुस्तक होतं.

ते कात्रण मराठीत वाचून दाखवायचं काम माझ्याकडंच आलं. त्यात लिहिलेलं मला अजून आठवतं, शब्द नाही, मतलब. वेल्सच्या राजधानीच्या गावातले तिघं. जुनी ब्लूज वाजवायचे. मोठ्या वाद्यवृंदाची एक चाल या गिटारवाल्यानं गिटारवर इतक्या वेगानं वाजवली, की त्या वेगानंच त्यांचं नाव झालं. मग बँड मोडला. मग ह्यानं रानातल्या एका शेतघरातल्या स्टुडिओत बसून एकट्यानंच बहुतेक सगळी वाद्यं वाजवली, वर स्वतःच गायला आणि ते गाणं सगळ्या देशात पहिलं आलं. शेवटी लिहिलं होतं, हे गाणं लागलं की पाय जागेवर राहत नाहीत.

मी तिथंच अडलो. पाय जागेवर राहत नाहीत? हे ऐकून तर पाय झोपत होते.

किशोर चहा सांगायला खाली गेला तेव्हा मी रेकॉर्ड हातात घेतली. मधल्या कागदावर बारीक आकडा होता: पंचेचाळीस. मी बटणाकडं पाहिलं. पट्टीखाली तेहतीस. अख्खं मंडळ पंधरा दिवस चुकीच्या वेगावर डोळे पुसत होतं!

मला तेव्हा हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. पहिला पेपर सोळा एप्रिलला. मी बोललो तर माडी गेली, पुस्तकं गेली. नापास झालो तर पुन्हा एक वर्ष मामाच्या भाकरीवर बसणं शक्य नव्हतं; सरळ मालधक्का. म्हणून रेकॉर्ड मी होती तशी ठेवली. मुकादमापुढं बा हसला होता, तसाच मीही हसलो.

घरी मामाला सांगितलं. मामा ढोलकीची दोरी ओढत बसला होता.

"मामा, विलायतेची रेकॉर्ड हाय. पंचेचाळीसची हाय आन्‌ तेहतीसवर लावून राह्यलेत."

मामानं डोकं वर केलं. "लग्नात स्पीकरवाल्यानं असं लावलं तर वऱ्हाड चपला फेकून मारतंय. त्यायला कळंना का?"

"ते म्हणतेत, लई दुःख हाय त्याच्यात."

मामा इतका हसला की दोरी हातातून सुटली. "मुडद्याचं गाणं करून टाकलं की नाचायच्या गाण्याचं! मंग? तू सांगितलंस ना?"

"न्हाई."

"का?"

"पुस्तकं त्यांच्याकडं हायेत."

मामाचं हसू गेलं. त्यानं दोरी पुन्हा धरली, ओढली, ढोलकीवर बोट मारून पाहिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बराबर हाय. ऐक मंग मुडद्याचं गाणं. पास हो."

त्या 'पास हो'नं मला जेवढं लागलं, तेवढं मुकादमाच्या बोलण्यानं लागलं नव्हतं.

सरांना आता चेव चढला होता. त्यांनी रविवारी दुपारी माडीवर व्याख्यान ठरवलं. गावातले पाच-सात प्रतिष्ठित आले. वकील, डॉक्टर, बँकेचे साहेब. सगळे गादीवर. मी दारात, कात्रण घेऊन. शेठजीही वर येऊन टेकले, कारण प्लेअर त्यांचा. रेकॉर्ड लागली. मुडद्याचं गाणं झालं. सरांनी हुंदका सांगितला, ओझं सांगितलं, पिढ्या सांगितल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग सर माझ्याकडं वळले. "आता उत्तम आपल्याला त्या मासिकातला मजकूर वाचून दाखवील. हा दलित समाजातला विद्यार्थी आहे. याला हे दुःख आपल्यापेक्षा जास्त कळेल."

मी वाचलं. ओळीनं, सावकाश, काही न गाळता. 'पाय जागेवर राहत नाहीत' इथं आलो तेव्हा म्हातारे वकील मध्येच बोलले, "अहो सर, यावर नाचायचं कसं? माझा तर डावा पाय झोपला."

सर जरासं हसले. "वकीलसाहेब, हा नाच आतला आहे. आपल्याला तो दिसणार नाही. उत्तमला दिसतो. हो ना रे?"

हो म्हणालो असतो तर आठवडा निघाला असता. फक्त मान हलवायची होती.

मी कात्रण खाली ठेवलं, प्लेअरपाशी गेलो आणि पट्टी सोलून काढली. ती वर्षानुवर्षांची, सहज निघेना. नखानं खरवडून काढावी लागली. बटण पंचेचाळीसवर केलं. सुई उचलून सुरुवातीला ठेवली.

गाणं उठून उभं राहिलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. तो विहिरीतला दारुडा टुणकन बाहेर आला आणि अंग झटकून चालायला लागला. ढोलावर काठी नाचायला लागली. गिटार खिदळायला लागली. माणूस बिलकुल मजेत होता हो! खाली स्वैपाकघरात कुणी बाई खळखळून हसली. वकिलांचा डावा पाय हलायला लागला. त्यांनी तो हातानं धरला, तरी हलेच.

मी सरांकडं पाहिलं. मला वाटलं, ते ओशाळतील. ते म्हणाले, "अच्छा. हाही एक अन्वयार्थ आहे."

आणि शेठजी उभे राहिले. गाण्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते पट्टीकडं बघत होते, माझ्या बोटाला चिकटलेल्या.

"पट्टी कोणी काढली?"

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढली होती. तरी त्यांनी विचारलं आणि किशोरनं उत्तर दिलं, "उत्तमनं, पप्पा."

एवढंच. त्यानंतर माडीत एकच प्रश्न उरला, तो रेकॉर्डच्या वेगाचा नव्हता. बटणाला हात कुणी लावला, हा होता. शेठजींनी गड्याला हाक मारली आणि प्लेअर पुसून घ्यायला सांगितलं. चिकटपट्टीचा चिकटा पुसायला, असं ते म्हणाले. गड्यानं बटणच नाही, सगळा प्लेअर पुसला. झाकणसुद्धा.

किशोर मागच्या जिन्यापर्यंत आला. "उद्यापासून येऊ नको यार. पप्पा चिडलेत."

"आन्‌ पुस्तकं?"

"मलापण वाचायची आहेत ना."

वाचायची! पाच महिने मी वाचत होतो आणि तो घोरत होता. मी गोण्यांमधून खाली उतरलो. आज लिहितानाही त्या माणसांचा राग येत नाही, हे खरं सांगतो. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मला त्यांची कीव येते, आणि कीवही नीट येत नाही. स्वतःच्या कानांवर ज्यांचा भरवसा नाही, जे दुसऱ्याच्या दुःखावर चष्मे पुसतात आणि तो दुसरा दारात उभा असला की त्याच्या बोटाकडं बघतात, त्यांना काय म्हणायचं? सरांनी पुढं त्याच व्याख्यानाचा लेख केला. मी वाचला. त्यात हुंदका होता, ओझं होतं, पिढ्या होत्या. पंचेचाळीस नव्हतं.

मी खोलीवर आलो तेव्हा पार्टी जमलेली. पेटी, बेंजो, झांजा, मामाची ढोलकी. जयंतीला आठ दिवस. मी झालेलं सांगितलं. सांगून टाकलं आणि कोपऱ्यात बसलो. वाटलं, आता मामा म्हणेल, कशाला बोललास शहाण्या, पेपर तोंडावर हाय.

मामानं ढोलकी उचलली, गोधडीत गुंडाळली आणि वर फळीवर ठेवून दिली.

"उत्तम्याचे पेपर हायेत," तो पार्टीला म्हणाला. "जयंतीपर्यंत वाद्याला हात लावायचा न्हाई."

"आरं मंग तालीम कशी व्हायची?" बेंजोवाला ओरडला. "मी काय दातानं वाजवू?"

"तुला दात तरी कुठं हायेत! तोंडातल्या तोंडात म्हण. ठेका मांडीवर धर."

आणि आठ दिवस पार्टीनं मांड्यांवर तालीम केली. मी भिंतीकडं तोंड करून बसायचो आणि मागं सहा माणसांच्या मांड्यांवर हलके हलके ठेका चालायचा. गाणं ओठांत. बेंजोवाल्याची बोटं हवेत तारा शोधायची. कुणाचा ठेका चुकला की मामा त्याच्या मांडीवर चापट मारायचा, पण तीही हळूच. आणि वाचायला काय होतं माझ्याकडं? पुस्तकं नव्हतीच. पण भिंतीकडं बघून बसलो तसं लक्षात आलं, की किशोरला मोठ्यानं समजावून सांगता सांगता सगळी पुस्तकं माझ्यात उतरलेली आहेत. एकेक धडा पान उलटल्यासारखा समोर यायचा. मी बोलायचो, भिंत ऐकायची. भिंत किशोरपेक्षा बरी, घोरत नव्हती. किशोरच्या कपाटात आता नुसता कागद राहिला होता.

चौदा एप्रिलला ढोलकी फळीवरून खाली आली. मामानं पहिली थाप मारली आणि अख्खी वस्ती उठून उभी राहिली. आठ दिवसांची दाबलेली लय होती ती. पाय जागेवर राहत नाहीत म्हणजे काय, ते त्या दिवशी सरांना दाखवायला हवं होतं. पण ते आमच्याकडं कशाला येतील? आमच्याकडं पुढचा जिना नाही.

परवा दीक्षानं तिघांचा तो वेगवान तुकडा लावला तेव्हा तो मी पहिल्यांदाच ऐकला. तोवर माझ्यासाठी तो बँड म्हणजे कात्रणातला एक परिच्छेद होता. बोटं खरंच दिसणार नाहीत इतका वेग. ऐकून वाटलं, झकास आहे, पण आमच्या बेंजोवाल्यानं हवेत फिरवलेली बोटं जास्त वेगात होती. मग तिनं गिटारवाल्याची पुढची एकट्याची गाणी लावली. बरीच वर्षं गायला तो. दुसऱ्यांच्याही रेकॉर्डी करून दिल्या. बँड का मोडला, कुणी कुणाला सोडलं, हे मला माहीत नाही आणि त्यावर मी व्याख्यान देणार नाही.

"सगळी वाद्यं एकट्यानं वाजवली? सॉलिड!" दीक्षा म्हणाली.

वाजवली असतील. पण एकट्यानं केलं असं कुणी म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडते. शिकून पुढं आलेला म्हणून मला इथं सत्काराला बोलावतात आणि प्रास्ताविक करणारा म्हणतो, "उत्तमरावांनी स्वतःच्या बळावर, एकट्यानं..." मी तिथंच माइक मागून घेतो. तुम्हाला माहीत नसलं तर बोलू नका, म्हणतो. आयोजक नाराज होतात. होऊ देत. माझ्या मागं सहा माणसांनी आपली वाद्यं बंद ठेवून मांड्या लाल करून घेतल्या होत्या, तेव्हा कुठं मी एकटा वाजलो.

जूनमध्ये कॉलेजच्या बोर्डावर निकाल लागला. किशोर इंग्रजीत नापास झाला. मी इंग्रजी घेऊन दुसऱ्या वर्गात बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला.